घरातलं कार्य, पुस्तकातलं कार्य

पुण्यात 'आमच्याकडे कार्य आहे' म्हटलं की ऐकणारा तारीख विचारतो आणि कार्यालय कोणतं ते विचारतो. सेनापती बापट रस्त्यावरच्या बालभारतीने काढलेल्या नववीच्या विज्ञानात मात्र कार्य म्हणजे बल गुणिले त्या बलाच्या दिशेने झालेलं विस्थापन. मार्केट यार्डातल्या हमालाने ५० किलोचं पोतं दीड मीटर उचललं, की गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे ७३५ ज्यूल कार्य झालं. तेच पोतं डोक्यावर घेऊन तो सपाट रस्त्याने गाळ्यापर्यंत गेला, तर त्या चालण्यातलं असं कार्य शून्य. हमालीचे दर ठरवताना हे सूत्र कुणी काढू नये.

ही व्याख्या न्यूटनची नव्हे. ती यंत्रांच्या हिशेबातून आली. इंजिन किती कामाचं, हे मोजायला माप हवं होतं. कोरिऑलिस या फ्रेंच अभियंत्याने १८२९ साली श्रम, मजुरी अशा अर्थाचा रोजच्या वापरातला शब्द उचलला आणि त्याचा घाम पुसून फक्त बल आणि अंतर ठेवलं. त्याआधी १८०७ मध्ये टॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञाने 'एनर्जी' हा शब्द भौतिकीत आणला होता, पण तो रुळायला वेळ लागला. १८४७ साली हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने ऊर्जेच्या अक्षय्यतेवर निबंध लिहिला, तेव्हाही शीर्षकात ऊर्जेला त्याने 'क्राफ्ट', म्हणजे बलच, म्हटलं होतं. बल, शक्ती आणि ऊर्जा यांत गोंधळणाऱ्या मुलाला रागावण्याआधी हे आठवावं. मराठीत तर बळ, जोर, ताकद, शक्ती हे सगळे एकाच वाड्यातले बिऱ्हाडकरू. पाठ्यपुस्तकाने त्यांतल्या शक्तीला कार्य करण्याचा दर ही वेगळी खोली दिली.

आपल्या काही शब्दांचा प्रवास मात्र उलटा आहे. वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनात 'गुरुत्व' हा वस्तू खाली पडण्याला कारण होणारा गुण आहे. 'संस्कार' या गुणाचे तिथे तीन प्रकार: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. वाकवलेली फांदी सोडल्यावर पुन्हा जागेवर येते, ती स्थितिस्थापकामुळे. पुढे वेग आणि स्थितिस्थापकता पदार्थविज्ञानाकडे गेली, भावना मनाकडे राहिली आणि खुद्द संस्कार आले शुभंकरोतीच्या वाट्याला! म्हणजे हे शब्द शास्त्रात आधीच मुरलेले होते, आपण त्यांना नव्या शास्त्रात बसवलं.

उरलेले घडवावे लागले. १९६१ साली केंद्राने वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोग नेमला. परिभाषा संस्कृतावर बेतावी, म्हणजे सगळ्या भारतीय भाषांना चालेल, असा विचार त्यामागे होता. तरी हिंदीचं द्रव्यमान मराठीत वस्तुमान झालं. त्वरण हा शब्द मुलांना परका वाटतो, वास्तविक त्यात आपली 'त्वरा'च आहे. वर्गात तेवढं सांगितलं तरी पुरे. मला जास्त अवघड वाटते ती 'चाल': गाण्याची चाल, बुद्धिबळातली चाल, आणि पुस्तकात एकक काळात कापलेलं अंतर.

'प्रभार' मात्र छान जमलाय. विजेच्या संदर्भात 'चार्ज' हा शब्द बेंजामिन फ्रँकलिन या अमेरिकन संशोधकाने अठराव्या शतकात वापरला, तेव्हा इंग्रजीत तो ओझं लादणे, बंदूक ठासणे या अर्थांनी चालत होता. मराठीने त्याला प्रतिशब्द देताना ओझं तसंच ठेवलं, कारण प्रभारात भार आहेच. वर्तमानपत्रात एखाद्या अधिकाऱ्याकडे दुसऱ्या खात्याचा 'अतिरिक्त प्रभार' येतो, तोही हाच. फक्त तो धन की ऋण, हे बातमीत देत नाहीत.