हेल्मेटनंतरचा पेट्र चेक

‘डोक्याला मार बसला आणि पेट्र चेक संपला’, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते साफ चूक आहे.

14 ऑक्टोबर 2006 ला रेडिंगच्या मैदानावर पहिल्याच मिनिटात गुडघा लागून इंग्लिश फुटबॉल क्लब चेल्सीच्या या चेक प्रजासत्ताकातल्या गोलरक्षकाची कवटी फुटली. जीवावरचंच दुखणं! तरी जानेवारीत तो परतला, रग्बीवाले घालतात तसं मऊ शिरस्त्राण घालून. हंगामात सर्वाधिक सामने गोल न खाणाऱ्या गोलरक्षकाला प्रीमियर लीगमध्ये ‘गोल्डन ग्लोव्ह’ मिळतो; त्याच्या अशा चार पुरस्कारांपैकी तीन त्यानंतरचे, शेवटचा आर्सेनल क्लबकडून खेळताना.

आणि म्युनिक, 2012? युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगची फायनल, समोर बायर्न म्युनिक. जादा वेळेत रॉबेनची पेनल्टी त्याने डावीकडे झेपावून अडवली. पेनल्टी शूटआउटमध्ये ओलिचची अडवली, श्वाइनश्टायगरचा फटका बोटांनी खांबावर ढकलला. असा गोलरक्षक संपलेला कसा?