रिसॅट-२ची खरेदी आणि टेहळणी उपग्रहांचा वाद : पार्श्वभूमी

ऑक्टोबर २०२४मध्ये केंद्राने टेहळणी उपग्रहांच्या तिसऱ्या टप्प्याला मंजुरी दिली. ५२ उपग्रह, खर्च सुमारे २७ हजार कोटी रुपये. त्यांतले २१ सरकारी अंतराळ संस्था बांधणार आणि ३१ खासगी कंपन्या. तेव्हापासून 'स्वतः बांधायचे की विकत घ्यायचे' हा वाद पुन्हा वर आला आहे. त्यात दोन्ही बाजू हमखास रिसॅट-२चा, म्हणजे इस्रायलकडून रडार घेऊन २००९मध्ये सोडलेल्या टेहळणी उपग्रहाचा, दाखला देतात, पण बहुतेकदा अर्धवट.

कारगिलच्या वेळी आपल्या सर्वांत तीक्ष्ण नजरेच्या उपग्रहाची क्षमता ५.८ मीटर होती, म्हणजे त्याहून लहान वस्तू चित्रात वेगळी दिसत नसे. एवढ्या क्षमतेत आख्खा बंकर एका ठिपक्यात विरून जातो. बाजारातून घ्यावं म्हटलं तर एक मीटरची चित्रं विकणारा पहिला व्यावसायिक उपग्रहच सप्टेंबर १९९९मध्ये, म्हणजे युद्ध संपल्यावर, कक्षेत गेला. ऑक्टोबर २००१मध्ये आपला एक मीटर क्षमतेचा टीईएस हा उपग्रह उडाला आणि ती उणीव बरीचशी भरून निघाली. पण तो कॅमेऱ्याचा उपग्रह होता. रात्री आणि ढगांआड त्याला काही दिसत नव्हतं, आणि आपल्याकडे पावसाळा चार महिन्यांचा. त्यासाठी स्वतःच्या रेडिओ लहरी सोडून पाहणारं रडारच लागतं.

इथूनच रिसॅटचा गुंता सुरू होतो. रिसॅट-२ उडाला २० एप्रिल २००९ला आणि रिसॅट-१ थेट २६ एप्रिल २०१२ला. दुसरा आधी गेला, कारण पहिल्याचं देशी सी-बँड रडार तयार व्हायला वेळ लागत होता आणि दुसऱ्यावरचं एक्स-बँड रडार इस्रायलकडून आलं होतं (सी आणि एक्स हे रडार लहरींचे दोन पट्टे; एक्सच्या लहरी आखूड). वजनातला फरकही बोलका आहे : रिसॅट-२ सुमारे ३०० किलोचा, रिसॅट-१ १,८५८ किलोचा. एक्स-बँडची तरंगलांबी तीन सेंटिमीटरच्या आसपास, त्यामुळे वाहन, बोट, छप्पर अशा लहान गोष्टी त्यात अधिक स्पष्ट उमटतात. सी-बँडचा मोठा उपयोग खरिपातल्या भाताचं क्षेत्र मोजायला झाला. म्हणजे एकाच नावाचे हे दोन उपग्रह वेगवेगळ्या कामांचे होते.

मुंबईवरच्या हल्ल्यानंतर घाईघाईत इस्रायलकडून उपग्रह आणला, असं सर्रास सांगितलं जातं. तारखा पाहिल्या तर ते पटत नाही. हल्ला नोव्हेंबर २००८चा, उड्डाण एप्रिल २००९चं. पाच महिन्यांत रडार उपग्रह उभा राहत नाही. शिवाय त्याच जातीचा इस्रायलचा स्वतःचा टेहळणी उपग्रह आपल्याच रॉकेटने श्रीहरिकोट्याहून २१ जानेवारी २००८ला सोडला होता. व्यवहाराची पायाभरणी आधीच झालेली होती. हल्ल्यामुळे त्याला निकड आली.

हा उपग्रह आधी असता तर हल्ला टळला असता का? मला तसं वाटत नाही, आणि मुंबईकरांना तसं सांगणं अन्यायाचं आहे. मारेकरी आले ते 'कुबेर' या पळवलेल्या भारतीय मासेमारी ट्रॉलरवरून. रडारच्या चित्रात असा ट्रॉलर म्हणजे एक उजळ ठिपका, आणि तसेच शेकडो ठिपके त्या रात्री अरबी समुद्रात असणार. आत कोण बसलंय हे रडार सांगत नाही. उपग्रह सेकंदाला सात-साडेसात किलोमीटर वेगाने जातो, एका जागेवर त्याची नजर काही मिनिटांचीच. रिसॅट-२ची कक्षा विषुववृत्ताशी ४१ अंशांनी कललेली ठेवली, म्हणून आपल्या टापूवरून त्याच्या फेऱ्या ध्रुवीय कक्षेतल्या उपग्रहांपेक्षा जास्त होत. तरी पहारा अखंड नव्हताच.

खरेदीचं समर्थन करणारे म्हणत, देशी रडार येईपर्यंत तीन पावसाळे आंधळं कसं राहायचं? विरोधक म्हणत, तयार माल मिळाला की घरचं काम रेंगाळतं. पहिल्यांचं तेव्हा बरोबर होतं. दुसऱ्यांचं नंतर बरोबर ठरलं : एक्स-बँड रडारचा पुढचा उपग्रह, रिसॅट-२बी, मे २०१९मध्ये उडाला. मधली दहा वर्षं कुठे गेली, हे संसदेत कुणीतरी खणून विचारायला हवं होतं. ते अवघड झालं त्याचं एक कारण असं की अधिकृत पत्रकांत रिसॅट-२ आपत्ती व्यवस्थापनाचा उपग्रह होता. पूर आणि दरडींसाठी त्याचा उपयोग होऊ शकतो, हे खरंच. पण खरेदीचं कारणच उघडपणे मांडलं नाही, की तिचा हिशेबही उघडपणे मागता येत नाही.

त्या उपग्रहाने मात्र दगा दिला नाही. चार वर्षांसाठी बांधलेला रिसॅट-२ साडेतेरा वर्षं कक्षेत राहिला आणि ऑक्टोबर २०२२मध्ये हिंदी महासागरावर वातावरणात शिरला. दरम्यान एप्रिल २०१९मध्ये रेडिओ संकेत टिपणारा एमिसॅट गेला, नोव्हेंबरात पाव मीटर क्षमतेचा कार्टोसॅट-३ आणि डिसेंबरात आणखी एक एक्स-बँड रडार.

१८ मे २०२५ला रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्यात बिघाड झाला आणि ईओएस-०९ हा सी-बँड रडार उपग्रह हातचा गेला. खासगी कंपन्यांचा वाटा वाढवावा म्हणणाऱ्यांना त्यामुळे नवा मुद्दा मिळाला आहे. पण तो नेमका लागू पडत नाही : बिघाड रॉकेटमध्ये होता, आणि उपग्रह कुणीही बांधला तरी तो वर न्यायला रॉकेट लागतंच.