पुढून थंड, मागून गरम

'एलईडी तापतच नाही,' असं जो कंत्राटदार सांगेल, त्याचं कोटेशन मी बाजूला ठेवीन. कार्यालय असो की गोदाम, जुन्या ट्यूबा काढून एलईडी बसवायचं ठरलं की बोलणं होतं ते वॅटचं आणि किमतीचं. दिवे किती वर्षं टिकतील हे मात्र बरंचसं उष्णता ठरवते.

तारेच्या बल्बजवळ हात नेला की धग लागते, कारण तो बहुतेक ऊर्जा अवरक्त किरणांच्या रूपात बाहेर टाकून मोकळा होतो. एलईडीच्या प्रकाशात अवरक्त किरण जवळपास नसतातच, म्हणून तो पुढून थंड वाटतो. तरीही त्याला मिळालेल्या विजेचा मोठा हिस्सा उष्णतेतच जातो. किरणांची वाट बंद असल्याने ही उष्णता मागच्या मागे वाहून जावी लागते: उजेड देणाऱ्या चिपमधून सर्किटच्या पट्टीत, तिथून ॲल्युमिनियमच्या पंखांत आणि शेवटी हवेत. फॉल्स सीलिंगवरच्या कोंदट पोकळीत नेमकी ही शेवटची पायरी अडते.

मग चिपचा उजेड मंदावतो. पण बऱ्याचदा त्याआधी ड्रायव्हर, म्हणजे चिपला हवी तशी वीज पुरवणारा भाग, जातो. त्यातल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधला (वीज साठवून प्रवाह स्थिर ठेवणाऱ्या डबीतला) द्रव वाफ होऊन रबरी बुचातून हळूहळू निसटत असतो. ढोबळ हिशेब असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. ६५ अंशांवर ४०,००० तास चालणारा कपॅसिटर ८५ अंशांवर १०,००० तासांतच दम तोडतो.

खोक्यावरच्या '१ लाख तास' या आकड्याला भुलू नका. एवढे तास म्हणजे अखंड अकरा वर्षांहून जास्त! चिपचा उजेड काळानुसार किती मंदावतो हे पाहणारी प्रयोगशाळेतली एलएम-८० चाचणी किमान ६,००० तासांची, म्हणजे २५० दिवसांची असते. टीएम-२१ पद्धतीने त्यावरून फार तर सहापट, ३६,००० तासांपर्यंतचा अंदाज बांधता येतो. या चाचणीचा अहवाल कंत्राटदाराकडे मागाच. तोही चिपपुरताच असतो, ड्रायव्हरबद्दल वेगळं विचारावं लागतं.

कामाच्या टेबलावर लक्स मीटर ठेवून आधीचा आणि नंतरचा उजेड मोजून घ्यावा, हे तर झालंच. मला त्याहून मोलाची वाटते ती ड्रायव्हरवरची 'टीसी' लिहिलेली बारीक खूण. तिथलं तापमान किती अंशांपर्यंत चालेल, ते शेजारीच छापलेलं असतं. सगळी ऑर्डर देण्याआधी सर्वांत कोंदट कोपऱ्यात एकच दिवा लावायला सांगा. त्या खुणेवर तापमापकाची तार चिकटवून छत बंद करू द्या आणि आकडा वाढायचा थांबला की वाचा.