कूसी, सातवा आंगेराँ द

कूसी, सातवा आंगेराँ द : (सु. १३४०–१८ फेब्रुवारी १३९७). शतवर्षीय युद्धाच्या काळातील एक फ्रेंच सरदार व सेनानी. कूसीचा जहागीरदार, स्वासोंचा काउंट आणि काही वर्षे इंग्लंडमधील बेडफर्डचा अर्ल. इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याचा तो जावई होता व फ्रान्सच्या राजाचा मांडलिकही. एकमेकांशी लढणाऱ्या या दोन राजांशी असलेले नाते त्याने दीर्घकाळ सांभाळले, आणि अखेर त्यामुळेच त्याचे घर दुभंगले.

कूसी हे गाव उत्तर फ्रान्सच्या पिकार्दी भागात, लाँ आणि स्वासों या शहरांच्या जवळ आहे. तेथील किल्ला तिसऱ्या आंगेराँने तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधला. त्याचा मुख्य बुरूज सुमारे ५४ मी. उंच व ३१ मी. व्यासाचा होता. या घराण्याचे ब्रीद प्रसिद्ध आहे : “मी ना राजा, ना राजपुत्र, ना ड्यूक, ना काउंट; मी कूसीचा धनी आहे.” पदव्यांचा सोस असलेल्या त्या काळात असे म्हणायला मनगटात बळ आणि पाठीशी तसा किल्लाही लागे.

आंगेराँ लहानपणीच पोरका झाला. वडील सहावे आंगेराँ क्रेसीच्या लढाईच्या (१३४६) सुमारास मरण पावले. आई कॅथरीन ही ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्यातील राजकन्या. ती १३४९ मध्ये प्लेगच्या साथीत गेली. तिच्या स्त्रीधनातील जमिनींवरचा हक्क मुलाकडे आला आणि पुढे एका युद्धाचे कारण ठरला. १३५८ मध्ये उत्तर फ्रान्समधील शेतकऱ्यांनी सरदारांविरुद्ध उठाव केला, तेव्हा अठरा वर्षांच्या आंगेराँने आसपासच्या सरदारांना एकत्र करून तो निर्दयपणे मोडून काढला. त्याच्या गुणांचे वर्णन करताना हे रक्त झाकून ठेवता येणार नाही. दहा वर्षांनी, १३६८ मध्ये, त्याने आपल्या जहागिरीतील २२ गावांतील कुळांना भूदास्यातून मुक्त करणारी सनद दिली. त्यात दयेपेक्षा व्यवहार अधिक होता. दास्याला कंटाळून माणसे दुसरीकडे निघून जात होती व जमिनी ओस पडत होत्या, म्हणून ठराविक वार्षिक देण्याच्या बदल्यात ही मोकळीक होती. तरी ती गावे मोकळी झाली, हे खरे.

प्वात्येच्या लढाईत (१३५६) फ्रान्सचा राजा दुसरा जाँ इंग्रजांच्या हाती सापडला. ब्रेतिनीच्या तहानुसार (१३६०) त्याच्या सुटकेसाठी ३० लाख सोन्याच्या नाण्यांची खंडणी ठरली आणि ती पूर्ण फिटेपर्यंत फ्रान्समधील बडे सरदार ओलीस म्हणून लंडनला गेले. आंगेराँ त्यांपैकी एक होता. हे ओलीस कोठडीत नव्हते. शिकार, मेजवान्या, नृत्य यांत त्यांचे दिवस जात. एडवर्डची राणी फिलिपा हिच्या पदरी असलेला बखरकार फ्र्वासार याने नृत्यगायनात उठून दिसणाऱ्या या तरुणाची आवर्जून नोंद घेतली आहे.

तिसऱ्या एडवर्डची थोरली मुलगी इझाबेला तेव्हा अविवाहित होती. १३५१ मध्ये गॅस्कनीतील एका सरदारपुत्राशी तिचे लग्न ठरले होते; पण जहाजात बसण्याची वेळ आली तेव्हा ती बंदरावरूनच माघारी फिरली. बापाने हट्ट पुरवलेली, खर्चिक अशी तिची ख्याती होती. २७ जुलै १३६५ रोजी विंडसरला तिचे आंगेराँशी लग्न झाले. वधू ३३ वर्षांची, वर सुमारे २५. लग्नामुळे आंगेराँ खंडणीविना मोकळा झाला. उत्तर इंग्लंडमधील त्याच्या पूर्वजांच्या जमिनी त्याला परत मिळाल्या आणि १३६६ मध्ये तो बेडफर्डचा अर्ल झाला. स्वासोंची कथा तर त्या काळावर लख्ख प्रकाश टाकते. ब्ल्वाच्या घराण्यातील गी हा दुसरा ओलीस आपल्या सुटकेसाठी स्वासोंची काउंटी एडवर्डला देऊन बसला, आणि एडवर्डने ती १३६७ मध्ये जावयाला दिली. फ्रान्समधील भूमी, तिचा मालक फ्रेंच सरदार, आणि ती देणारा हात इंग्लंडच्या राजाचा.

या लग्नातून दोन मुली झाल्या : मारी (१३६६) आणि फिलिपा (१३६७). १३६९ मध्ये युद्ध पुन्हा पेटले. सासऱ्याविरुद्ध तलवार उपसायची नाही आणि आपल्या राजाशी बेइमानीही करायची नाही, म्हणून आंगेराँ इटलीत गेला व मिलानच्या व्हिस्कोंती घराण्याविरुद्ध पोपच्या बाजूने लढला. याला पळवाट म्हणणे अन्यायाचे होईल, कारण दोन्ही दरबारांत त्याचा मान त्यामुळे कमी झाला नाही. १३७५ मध्ये त्याने आईच्या वारशासाठी ऑस्ट्रियाचा ड्यूक तिसरा लिओपोल्ड याच्याविरुद्ध मोहीम काढली. बेकार भाडोत्री सैनिकांच्या टोळ्या घेऊन तो आजच्या स्वित्झर्लंडमध्ये उतरला. त्यांच्या टोपड्यासारख्या शिरस्त्राणांवरून स्थानिक लोकांनी या युद्धाला ‘गुगलर युद्ध’ म्हटले. लिओपोल्डने स्वतःचाच मुलूख जाळून उजाड केल्याने ऐन हिवाळ्यात फौजेची उपासमार झाली. बुटिसहोल्ट्स, इन्स व फ्राउब्रुनेन येथे गावकरी आणि बर्नचे लोक तिच्यावर तुटून पडले आणि मोहीम फसली.

जून १३७७ मध्ये तिसरा एडवर्ड वारला. सासऱ्याशी असलेली बांधिलकी त्याच्याबरोबर संपली असे आंगेराँने मानले असावे. त्याच वर्षी २६ ऑगस्टला त्याने नवा राजा दुसरा रिचर्ड याला पत्र पाठवून इंग्लंडशी असलेली निष्ठा सोडली व गार्टर हा बहुमानही परत केला. यापुढे तो फक्त फ्रेंच राहिला. पण घर वाटले गेले. इझाबेला धाकट्या फिलिपासह इंग्लंडमध्ये राहिली आणि मारी बापाकडे फ्रान्समध्ये. फिलिपाचे लग्न ऑक्सफर्डचा अर्ल रॉबर्ट द व्हीअर याच्याशी झाले. पुढे राजाचा लाडका बनलेल्या या माणसाने राणीच्या परिवारातील एका बोहेमियन स्त्रीसाठी तिला टाकले. या प्रकाराने राजाचे चुलते संतापले आणि द व्हीअरच्या आईने तर मुलाची नव्हे, सुनेची बाजू घेतली. इतकी मोठी नावे असलेल्या या कहाणीत माणुसकीचा असा क्षण क्वचितच भेटतो.

फ्रान्समध्ये आंगेराँची प्रतिष्ठा वाढत गेली. १३८० मध्ये सरसेनापतिपद देऊ केले असता त्याने ते नाकारले व ऑलिव्हिए द क्लिसाँचे नाव सुचवले. १३८६ मध्ये त्याने लोरेनच्या इझाबेलशी दुसरा विवाह केला. तिच्यापासून एक मुलगी झाली, तिचेही नाव इझाबेल. औरस मुलगा नव्हता. पेर्सेवाल हा अनौरस पुत्र होता. १३९० मध्ये आंगेराँ ट्युनिसियातील माहदियाच्या निष्फळ वेढ्यात होता. त्याच वर्षी त्याने स्वासोंजवळ सेलेस्टिन पंथाचा मठ स्थापन केला.

१३९६ मध्ये तुर्कांविरुद्ध हंगेरीच्या राजाच्या मदतीला निघालेल्या फ्रेंच सैन्याचे नेतृत्व बर्गंडीच्या ड्यूकचा तरुण मुलगा जाँ याच्याकडे होते. आंगेराँ त्याचा प्रमुख सल्लागार होता. निकोपोलिसला (आजच्या बल्गेरियात) हंगेरीचा राजा सिगिसमुंड याने सुचवले की पहिली आघाडी त्याच्या सैनिकांना घेऊ द्यावी. आंगेराँने पाठिंबा दिला. पण मानाच्या पहिल्या वारासाठी हट्ट धरलेल्या तरुण सरदारांनी ऐकले नाही. २५ सप्टेंबरला सुलतान बायेझिदने या सैन्याचा धुव्वा उडवला. आंगेराँ कैद झाला. एकदा ओलीस म्हणून राजकन्या मिळवलेला हा माणूस दुसऱ्या कैदेतून परतला नाही. खंडणीची बोलणी चालू असतानाच बुर्सा (आजच्या तुर्कस्तानात) येथे तो मरण पावला. त्याचे हृदय फ्रान्सला आणून त्याच्या मठात पुरले. मारीचा पती हेन्री द बार हाही निकोपोलिसहून घरी पोचला नाही.

विधवा मारीने १४०० मध्ये कूसीची जहागीर ऑर्लेआंच्या ड्यूकला विकली व १४०५ मध्ये ती वारली. तिचा मुलगा रोबेर १४१५ मध्ये अ‍ॅजिनकोर्टच्या रणांगणावर फ्रान्सच्या बाजूने लढताना पडला. धाकट्या इझाबेलचा पती फिलिप द नेव्हेर हाही तेथेच गेला. समोरच्या इंग्रज सैन्याचा सेनापती राजा पाचवा हेन्री होता. तो आणि रोबेर हे दोघेही तिसऱ्या एडवर्डचे पणतू.

कूसीचा बुरूज पहिल्या महायुद्धापर्यंत उभा होता. मार्च १९१७ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने २८ टन स्फोटके वापरून तो उडवला.