‘नेटिव्ह’ कोणाला म्हणायचं? परदेशी इंग्रजी शिक्षकांच्या भरतीची पार्श्वभूमी

जपानने १९८७ मध्ये परदेशी पदवीधर तरुणांना सरकारी शाळांत आणायला सुरुवात केली. पहिल्या तुकडीत चार देशांतले ८४८ जण होते. मुलांचं इंग्रजी सुधारावं म्हणून ही योजना निघाली असं सरसकट लिहिलं जातं, पण ते अर्धंच खरं आहे. त्या दशकात व्यापारावरून अमेरिकेशी जपानचे खटके उडत होते, जपानने आपली दारं लावून घेतली आहेत अशी ओरड होती आणि ‘आंतरराष्ट्रीयीकरण’ हा शब्द टोकियोत ज्याच्या त्याच्या तोंडी होता. तरुणांनी गावोगावी राहावं, ओळखी कराव्यात आणि जपानविषयी चांगलं मत घेऊन परतावं, हा त्यातला मोठा हेतू. परत जाणं योजनेतच गृहीत होतं. करार एका वर्षाचा. मुदतवाढ आधी तीन वर्षांपर्यंत, पुढे ती मर्यादा पाच झाली. पदवी कुठल्याही विषयातली चाले, शिकवण्याचा अनुभव नसला तरी अडत नसे, आणि वर्गात तो सहायकच. ज्याला मुरूच द्यायचं नाही, त्याच्यासाठी बढतीची पायरी बांधणार कोण?

याआधीही जहाजं भरभरून शिक्षक गेलेले आहेत. १९०१ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकन लष्कराच्या एका जहाजातून सुमारे पाचशे जण मनिलात उतरले. पण फिलिपाइन्सवर तेव्हा अमेरिकेचाच ताबा होता, म्हणजे ते राज्यकर्त्यांचे शिक्षक होते. आजची गुंतागुंत यजमान देश स्वतः पैसे मोजून माणसं बोलवू लागले तिथून सुरू होते.

आणि ती गुंतागुंत मुख्यतः एका शब्दाची आहे. ‘नेटिव्ह स्पीकर’चं मराठी ‘मातृभाषिक’ असं करून आपण मोकळे होतो. कोरियन भाषेत त्यासाठी ‘वोनओमिन’ म्हणतात, म्हणजे मूळ भाषेचा माणूस. पण व्हिसा खिडकीवरच्या कारकुनाला मातृभाषा तपासता येत नाही, पासपोर्ट तपासता येतो. म्हणून दक्षिण कोरियाच्या ई-२ व्हिसासाठी, म्हणजे परदेशी भाषाशिक्षकांच्या व्हिसासाठी, सात देशांची यादी ठरली : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भाषेची संकल्पना नागरिकत्वाच्या रकान्यात जाऊन बसली. सिंगापूरची, जन्मापासून इंग्रजीतच वाढलेली शिक्षिका यादीबाहेर. यादीतल्या देशाचा, भूगर्भशास्त्राची पदवी घेतलेला बावीस वर्षांचा पोरगा मात्र आत. भारताशी झालेला व्यापार करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला, तेव्हा भारतीयांसाठी दार किलकिलं झालं. तेही सहायक शिक्षक म्हणून, आणि पदवीबरोबर शिक्षकी परवानाही हवा. एकाच कामाला दोन मापं, दुसरं काय!

तशी मूळ कल्पनेची चिरफाड भाषाशास्त्रात बरीच आधी झाली होती. इंग्रजीचा आदर्श शिक्षक म्हणजे ती जन्मजात बोलणारा, हे गृहीतक १९६१ मध्ये युगांडातल्या कंपालात झालेल्या राष्ट्रकुल परिषदेपर्यंत मागे नेता येतं. १९९२ मध्ये एका ब्रिटिश अभ्यासकाने त्याला सरळ भ्रम ठरवलं. भरतीच्या नियमांवर त्याचा फारसा परिणाम झाला नाही. उलट चीनने २०१७ मध्ये परदेशी कामगारांची वर्गवारी केली, तेव्हा भाषाशिक्षक ‘त्या भाषेच्या देशाचा’ असावा, अशी अट घातली.

पासपोर्टवरून माणूस निवडला की संशयही पासपोर्टवरूनच घेतला जातो. कोरियात शिकवून गेलेल्या एका परदेशी शिक्षकाला २००७ मध्ये थायलंडमध्ये बालकांवरील अत्याचारांसाठी अटक झाली. त्यानंतर ई-२वाल्यांना गुन्हेगारी नोंदीच्या दाखल्याबरोबर एचआयव्ही चाचणीही सक्तीची झाली. पहिली अट पटण्यासारखी होती. दुसरीचा त्या गुन्ह्याशी काय संबंध, हे कुणी नीट सांगितलं नाही. कोरियन शिक्षकांना ही चाचणी नव्हती आणि कोरियन वंशाच्या परदेशी शिक्षकांनाही नव्हती. न्यूझीलंडच्या एका शिक्षिकेने २००९ मध्ये ती पुन्हा करून घ्यायला नकार दिला आणि तिची नोकरी गेली. २०१५ मध्ये वंशभेदविरोधी आंतरराष्ट्रीय समितीने तिच्या बाजूने मत दिलं. सक्ती उठायला २०१७ उजाडलं.

माणसं टिकावीत म्हणून कुणी काहीच केलं नाही, असंही नाही. हाँगकाँगने १९९८ मध्ये माध्यमिक शाळांसाठी योजना आखली तेव्हा करार दोन वर्षांचा ठेवला, घरभाडं दिलं आणि करार नीट पुरा केल्यावर १५ टक्के ग्रॅच्युइटी. नंतर तिसऱ्या वर्षापासून थांबणाऱ्यांना वेगळा प्रोत्साहन भत्ताही सुरू झाला. शिवाय तिथे ‘नेटिव्ह’ची व्याख्या पासपोर्टवर अडत नाही, ती इंग्रजीवरच्या पकडीवर येऊन थांबते. माझ्या मते या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे. कोरियात वर्ष पुरं केल्यावर सुमारे महिन्याचा पगार निवृत्तिलाभ म्हणून द्यावा लागतो, तर तो टाळायला काही खासगी शिकवण्या अकरा महिन्यांचेच करार करू लागल्या.

चीनने जुलै २०२१ मध्ये खासगी शिकवण्यांवर बंधनं आणली आणि मोठा बाजार एका फटक्यात आटला. जपानने मात्र २०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी रीतसर विषय केला, म्हणजे मागणी वाढलीच. १९८७ ची ती सरकारी योजना पुरेना आणि परवडेना, तेव्हा अनेक नगरपालिकांनी एजन्सीकडून कंत्राटी सहायक घ्यायला सुरुवात केली. कायद्यातली खोच इथेच आहे. काम ठेक्याने दिलं असेल तर शाळेला ठेकेदाराच्या माणसाला थेट सूचना देता येत नाहीत. दिल्या तर तो छुपा मजूरपुरवठा ठरतो. फळ्यासमोर दोन शिक्षक शेजारी शेजारी उभे आहेत, पण ‘हा उतारा पुन्हा वाचून दाखवा’ एवढं सांगायचं तरी जपानी शिक्षकाने ते एजन्सीमार्फत सांगायला हवं.