रेल्वे इंजिनाची प्रतिकृती : किटची जोडणी व रंगकाम

सुट्या भागांच्या किटमधून रेल्वे इंजिनाची प्रमाणबद्ध, बहुधा रुळांवर धावणारी प्रतिकृती घडवण्याचा छंद. पुण्यात लहान आगगाड्यांची गोडी लोकांना लावली ती मुख्यतः भाऊसाहेब जोशी यांनी. कोथरूडमध्ये त्यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी खुले झाले.

जगभर सर्वाधिक चालणारे प्रमाण एचओ, म्हणजे १:८७. डब्ल्यूडीएम-२ हे सुमारे १७ मी. लांबीचे डिझेल इंजिन या प्रमाणात जेमतेम २० सेंमी. भरते. अडचण रुळांची आहे. एचओचे रूळ १६.५ मिमी. अंतराचे असतात, तर भारतीय ब्रॉडगेजचे १,६७६ मिमी. अंतर १:८७ मध्ये १९ मिमी.च्या वर जाते. त्यामुळे आपले इंजिन त्या रुळांवर अंगापेक्षा बारीक पायांचे दिसते. बहुतेक छांदिष्ट हे चालवून घेतात आणि ते योग्यच. रूळ स्वतः घालत बसले तर इंजिन कधीच पुरे होणार नाही.

किट प्लॅस्टिकचे, पांढऱ्या धातूचे (कथिलाच्या मिश्रधातूचे) किंवा कोरीव पितळी पत्र्याचे असते. अलीकडे त्रिमितीय छपाईचे भागही वापरतात. पितळी पत्र्यावर घडीच्या रेषा अर्ध्या जाडीपर्यंत कोरलेल्या असतात. घडी घालताना ती खाच आतल्या बाजूला ठेवतात. मग कोपऱ्यांना डाख देतात. पांढरा धातू कमी उष्णतेतच वितळतो, म्हणून त्याला सुमारे ७० अंशांना वितळणारे वेगळे कथील लागते. नेहमीचा तापलेला सोल्डरगन टेकवला की बफर (इंजिनाच्या टोकाचा धक्का झेलणारा भाग) गेलाच. वाफेच्या इंजिनात दोन्ही बाजूंच्या चाकांचे क्रँक (जोडदांडा बसवायचे खुंट) एकमेकांशी ९० अंशांत बसवावे लागतात. सगळ्या चाकांत हा कोन सारखा नसेल, तर जोडदांडे अडकून इंजिन लंगडत चालते. मोटर साधारण १२ व्होल्टची असते.

इंजिन भारतीय दिसते ते मात्र रंगाने. एकाच वर्गाची इंजिने शेडनिहाय (देखभालीच्या आगारानुसार) निरनिराळ्या रंगांत दिसत असल्याने आधी घोरपडी शेडमधील किंवा लोणावळ्याच्या घाटातील एका ठरावीक इंजिनाचे, एका ठरावीक काळातले फोटो समोर ठेवणे बरे. पितळ भांड्यांच्या साबणाने धुऊन, बोट न लावता वाळवतात व धातूवरचा प्रायमर मारतात. फिका रंग आधी, गडद नंतर. गडद रंगावर पिवळा पट्टा चढवायचा म्हणजे थरावर थर द्यावे लागतात आणि बारीक रिव्हेट बुजतात. पावसाळ्यात लॅकरचा स्प्रे दमट हवेने पांढुरका पडतो. पुण्यात त्यासाठी पाऊस संपण्याची वाट पाहिलेली बरी.

क्रमांक व शेडचे नाव डीकॅलने, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या पातळ छापील पापुद्र्याने, उमटवतात. त्याआधी चकचकीत वॉर्निश लागते. खरबरीत पृष्ठभागावर डीकॅलखाली हवा राहून चंदेरी डाग दिसतात. देवनागरी अक्षरे बहुधा घरीच छापावी लागतात, पण साधा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही. त्यामुळे पांढऱ्या अक्षरांसाठी भोवतीची पार्श्वभूमीच इंजिनाच्या रंगात छापतात, आणि तो रंग जुळवणे हेच सर्वांत चिकट काम. शेवटी मॅट वॉर्निश, डिझेलच्या धुराड्याभोवती काजळी व बोगीवर (खालच्या चाकांच्या चौकटीवर) ब्रेकच्या भुकटीचा तपकिरी थर. चाकांच्या कडांवरचा रंग पुसायचा राहिला, तर रुळातून वीज मिळत नाही व इंजिन जागचे हलत नाही.