सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन

सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन (सीआरपी) हे यकृतात तयार होऊन रक्तात मिसळणारे प्रथिन आहे. जंतुसंसर्ग, शस्त्रक्रिया, भाजणे, हृदयविकाराचा झटका, संधिवात यांपैकी कशानेही ऊतींना इजा झाली की काही तासांत त्याचे प्रमाण वाढू लागते. निरोगी प्रौढांपैकी बहुतेकांत ते लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या आत असते. तीव्र जिवाणुसंसर्गात ५०० च्याही वर जाते. रक्तातल्या फारच थोड्या घटकांत एवढी मोठी उसळी दिसते.

१९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस न्यूमोनियाच्या रुग्णांचा रक्तरस तपासत होते. न्यूमोकॉकस जिवाणूपासून काढलेला ‘सी’ नावाचा शर्करायुक्त घटक त्यात मिसळला की साका बसे; रुग्ण बरा झाला की बसेनासा होई. प्रतिपिंडे उलट वागतात, आजार ओसरल्यावरही टिकून राहतात. म्हणजे हा पदार्थ प्रतिपिंडांहून निराळा होता. ‘सी’शी अभिक्रिया करणारे म्हणून पुढे हे नाव रूढ झाले.

या रेणूत २०६ अमिनो आम्लांची एक अशी पाच सारखी उपएकके कड्यासारखी जोडलेली असतात. कड्याच्या एका बाजूला प्रत्येक उपएककात कॅल्शियमचे दोन आयन बसतात आणि त्यांच्या आधाराने फॉस्फोकोलीन पकडले जाते. फॉस्फोकोलीन न्यूमोकॉकसच्या भित्तिकेत उघडे असते. आपल्या पेशींच्या पटलातही ते असते, पण पटल शाबूत असेपर्यंत सीआरपीच्या हाती लागत नाही. पेशी मरू लागली की उघडे पडते. कड्याची दुसरी बाजू पूरक प्रथिनांच्या (जंतूंचा नाश करायला मदत करणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांच्या) साखळीतील पहिल्या दुव्याला, सी१क्यूला, आणि भक्षक पेशींवरील ग्राहींना (ठरावीक रेणू पकडणाऱ्या प्रथिनांना) चिकटते. थोडक्यात, सीआरपी जंतू आणि मेलेल्या पेशी या दोहोंवर खूण करते आणि त्या उचलायला भक्षक पेशी येतात.

सीआरपी बनवण्याचा आदेश यकृताला दाहाच्या जागेवरून मिळतो. तिथल्या महाभक्षी पेशी इंटरल्यूकिन-६ हा संदेशक सोडतात. यकृतपेशीतील सीआरपीचे जनुक त्याने जागे होते आणि इंटरल्यूकिन-१ त्या कामाला आणखी जोर देतो. सुमारे ६ तासांत रक्तातली पातळी चढू लागते आणि साधारण ४८ तासांत शिखर गाठते. रक्तातील सीआरपीचा अर्धायुकाल सुमारे १९ तास आहे आणि तो आजारातही बदलत नाही. सीआरपीचा अहवाल वाचताना सर्वांत उपयोगी पडणारी गोष्ट हीच. शरीरातून ते बाहेर पडण्याचा वेग ठरलेला असल्यामुळे अहवालातला आकडा यकृत किती वेगाने ते बनवत आहे एवढेच सांगतो. निर्मिती पूर्ण थांबली तर २०० वरून १९ तासांत १००, ३८ तासांत ५० होतील. प्रत्यक्षात निर्मिती हळूहळू थांबते, म्हणून उतार याहून मंद असतो. ईएसआरला, म्हणजे लाल रक्तपेशी तळाशी बसण्याचा वेग मोजणाऱ्या दाहाच्या दुसऱ्या तपासणीला, अशी चपळाई नाही. रक्तक्षय आणि गर्भारपण यांनीही तो वाढतो आणि आजार गेल्यावर आठवडे रेंगाळतो.

म्हणून एका आकड्यापेक्षा दोन-तीन आकड्यांची दिशा पाहावी. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर सीआरपी वाढतेच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखर येते आणि मग उतार लागतो. चौथ्या दिवशीही ती चढत असेल तर पोटात टाक्यांतून गळती किंवा पू झाला आहे का, हे शोधावे लागते. दाह कुठे आहे किंवा कशाने आहे, हे मात्र हा आकडा कधीच सांगत नाही. विषाणुसंसर्गात ती सहसा कमी वाढते, पण ॲडेनोव्हायरसच्या तापात १०० च्या पुढेही जाते.

फसगत होण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. थंडी वाजून ताप भरताच तासाभरात तपासणीसाठी रक्त दिले, तर गंभीर संसर्गातही अहवाल सामान्य येऊ शकतो. यकृत निकामी झालेल्या रुग्णात सीआरपी पुरेशी बनतच नाही. ल्यूपसमध्ये (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याच्या आजारात) आजार भडकलेला असूनही ती अनेकदा थोडीच वाढते. कोविडच्या काळात महाराष्ट्रात घरोघरी परिचित झालेले टोसिलिझुमॅब हे इंजेक्शन इंटरल्यूकिन-६ चा ग्राही अडवते. ते दिल्यावर सीआरपी कोसळते, मग आत नवा जिवाणुसंसर्ग वाढत असला तरीही. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर लिहितात, काही प्रति डेसिलिटर. पहिल्यातले ६० म्हणजे दुसऱ्यातले ६; एकक न पाहता दोन अहवालांची तुलना केली की दहापट चूक होते.

लहान लॅबमध्ये लॅटेक्स स्लाइड चाचणी करतात. रक्तरसाचा एक थेंब आणि प्रतिपिंडे चिकटवलेल्या लॅटेक्स कणांचा एक थेंब काचेवर मिसळून दोन मिनिटे हलवतात. दाणे जमले तर चाचणी पॉझिटिव्ह, म्हणजे पातळी सुमारे ६ च्या वर. दोन मिनिटांनंतर पाहिले तर थेंब सुकून खोटे दाणे दिसतात. सीआरपी अतिशय जास्त असेल तर उलटे घडते: प्रत्येक प्रतिपिंड वेगळ्या रेणूने भरून जाते, कण एकमेकांना जोडलेच जात नाहीत आणि चाचणी निगेटिव्ह दिसते. गंभीर रुग्णाचा रक्तरस म्हणूनच पातळ करून पुन्हा तपासावा. १६ पट पातळ केल्यावरही दाणे जमले आणि त्यापुढे जमले नाहीत, तर पातळी १६ × ६ म्हणजे सुमारे ९६ धरतात. मोठ्या लॅबमध्ये यंत्रावर द्रावणाचा गढूळपणा मोजून थेट आकडा मिळतो.

हृदयविकाराचा धोका अजमावण्यासाठी हाय-सेन्सिटिव्हिटी सीआरपी (अगदी कमी पातळीही नेमकी टिपणारी तपासणी) मोजतात: १ च्या खाली कमी धोका, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. जन्मजात जनुकभेदामुळे ज्यांची सीआरपी जास्त असते त्यांना हृदयविकार अधिक होत नाही, यावरून ती रोगाचे कारण नसून दाहाची खूण ठरते. २०१७ च्या कँटोस या औषध-चाचणीत इंटरल्यूकिन-१ बीटा रोखणाऱ्या कॅनाकिनुमॅबने कोलेस्टेरॉलला हात न लावता झटके कमी केले, म्हणजे औषधाने अडवायचे ते सीआरपीला नव्हे, तर तिचा आदेश देणाऱ्या संदेशकांना. सर्दी, दाताचा गळू किंवा ताजी जखम असताना ही तपासणी करू नये. आकडा १० च्या वर आला तर तो धोक्याच्या हिशेबात न धरता दुसरे कारण शोधावे आणि दोन आठवड्यांनी पुन्हा तपासावे.